सर्पदंशाच्या पानातला गाळलेला तुकडा

“पोरी, तवर माणूस मरंल की,” आबा म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. स्क्रीनवर गोल चाक फिरतच होतं.

आम्ही तळेगाव ढमढेरेच्या बाहेर, आबांच्या उसाच्या बांधावर उभे होतो. आबा इथले शेतकरी; त्यांच्यासारख्यांच्या फोनवर वेबपेज कसं चालतं ते बघायला मी आले होते. पेज मी केलेलं होतं. आपलं गाव निवडलं की सापाचं इंजेक्शन आज जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे ते दिसणार, आणि खाली फोन लावायचं बटण. काम शिरूरच्या एका डॉक्टर मॅडमचं. साप चावल्यावर लोक दोन-तीन दवाखाने हिंडून त्यांच्याकडे येत, तोवर उशीर झालेला असे. त्याला त्या वैतागल्या होत्या.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हे पेज झटक्यात उघडायचं. इथं नेटवर्कची एक काडी, आणि आबांचा फोन सहा वर्षांपूर्वीचा.

मी दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. सणसवाडीतल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट करते. परत येऊन पहिल्यांदा पेजचं वजन, म्हणजे ते उघडायला किती डेटा लागतो, ते बघितलं. निम्म्याहून जास्त वजन लायब्ररीचं निघालं. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. पेजवरची एखादी ओळ शोधायची, दाखवायची, लपवायची, बटण दाबल्यावर काय व्हायचं, ही कामं ती सोपी करते. आम्ही सवयीनं प्रत्येक साइटला तीच मोठी लायब्ररी जोडत होतो.

हलक्या लायब्रऱ्याही मिळतात, सुट्या तुकड्यांच्या. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. हवे तेवढे घ्यायचे, बाकीचे फोनवर जातच नाहीत. मी तीन घेतले: ओळ शोधणारा, तिचं रूप बदलणारा आणि बटण दाबलेलं ओळखणारा. ॲनिमेशनचा, म्हणजे गोष्टी हळूच सरकवायचा तुकडा गाळला.

आमचे मालक हेमंत सर भडकले. “परवा उद्घाटन आहे. चालू पेज कशाला मोडतेस?”

“ते चालत नाही, सर. फक्त आपल्या ऑफिसात चालतं.”

“प्रोजेक्टरवर दिसलं की झालं.”

“साप प्रोजेक्टरजवळ चावत नाही, सर.”

सरांनी घड्याळ बघितलं. “उद्या संध्याकाळपर्यंत वेळ देतो. नाहीतर जुनंच चढवणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बांधावर. पेज लगेच उघडलं. आबा खूश झाले. त्यांनी गाव निवडलं. यादी जशीच्या तशी. बटण दाबलं. काहीच नाही.

“दिसतंय झ्याक,” आबा म्हणाले, “पर फोन लागंना.”

मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बाजेवर बसून लॅपटॉप उघडला. बाकीची गावं लपवायची आज्ञा मी जुन्या कोडमधून तशीच उचलली होती. या लायब्ररीत ती ॲनिमेशनच्या तुकड्यात होती. नेमका तोच मी गाळलेला. हा कोड ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टला एक आज्ञा सापडली नाही की ती तिथंच थांबते, खालच्या ओळी चालत नाहीत. फोनचं बटण त्या खालच्या ओळींत होतं.

जुनं पेज उशिरा का होईना, चालत तरी होतं. माझं पटकन उघडून फसवत होतं.

तेवढ्यात सरांचा फोन. “जुनं चढवू?”

“नको. एक तास द्या.”

गाळलेला तुकडा परत जोडला असता तर दोन मिनिटांत सुटले असते. पण वजन पुन्हा वाढलं असतं. मी लपवायचं काम साध्या स्टाइलवर, म्हणजे पेजचं रूप ठरवणाऱ्या नियमांवर टाकलं. मग बटणच काढून टाकलं आणि प्रत्येक दवाखान्यापुढं नंबरची साधी लिंक दिली. तिला जावास्क्रिप्ट लागत नाही. बोट टेकवलं की फोन लागतो.

आबांनी बोट टेकवलं. डॉक्टर मॅडमनीच उचलला. “बोला, कुणाला चावलाय?”

“कुनाला न्हाई, ताई. तुमचं पान तपासतोय.”

उद्घाटनाला सरांचं तोंड उतरलेलं होतं. पेज म्हणजे नुसती यादी दिसते, म्हणाले.

ऊसतोड सुरू झाल्यावर टोळीतल्या एका बाईच्या पायाला घोणस चावली. मुकादमानं पेज उघडलं, फोन केला आणि जीप थेट शिरूरला नेली. पाय बरा व्हायला दीड महिना गेला, पण बाई वाचली.

मॅडमनी मला कळवलं तेव्हा मी विचारलं, “गाव नीट निवडता आलं का त्यांना?”

“नाही गं. मुकादम म्हणाला, गाव निवडायचं काही चाललंच नाही. नेटवर्क नव्हतं धड. सगळी यादी आली, त्यातला शिरूरचा नंबर दाबला.”

म्हणजे माझी लायब्ररी, एवढी हलकी केलेली, त्या फोनपर्यंत पोहोचलीच नव्हती; काम झालं ते साध्या यादीवर आणि लिंकवर. तेव्हापासून कुठलंही पेज देण्याआधी मी जावास्क्रिप्ट बंद करून बघते. तेवढ्यावर माणसाचं काम होत असेल, तरच पुढचं सजवायला घेते.