आबांचं घोंगडं

आमच्या समोरच्या घरातल्या आबांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या: बाटलेल्या, आणि आज ना उद्या बाटणाऱ्या. देवाची वस्तू कुणी तुडवली तर ती बाटली म्हणावं, हे आपणही समजू शकतो. पण लोणच्यात ओला चमचा गेला की आबांचं लोणचं बाटायचं, त्यांच्याआधी कुणी पेपर उघडला की बातम्या बाटायच्या. आमच्या आष्ट्यात नवा डांबरी रस्ता झाला आणि त्यावरून पहिला गेला तो खडीचा डंपर, तेव्हा रस्ता बाटला म्हणून त्यांनी संध्याकाळचा चहा सोडला होता. आबा मूळचे आटपाडीकडचे धनगर. मेंढरं वडिलांबरोबर गेली, उरलं ते एक काळं घोंगडं. बिरोबाची पूजा त्यावरच मांडायची, भावकीतले तंटे त्यावरच बसून मिटवायचे, आणि कुणाचा चपलेचा पाय पडलाच तर भंडारा उधळून ते शुद्ध करून घ्यायचं. भंडाऱ्याची पिशवी कायम त्यांच्या खिशात असे आणि माझ्या पायांनी तिला कधी उसंत दिली नाही.

त्यांची लेक सुमन नर्सिंग शिकायला साताऱ्याला गेली आणि जातीबाहेर लग्न करून दारात उभी राहिली. आबा म्हणाले, "घर बाटवलंस." इतकी वर्षं त्या शब्दाला आम्ही हसत आलो होतो, त्या दिवशी कुणी हसलं नाही. सुमन उंबऱ्यावरूनच परत गेली. त्यानंतर आबांनी तो शब्दच टाकला. लोणच्यात कुणीही कसलाही चमचा बुडवावा, आबा गप्प. मला ते गप्प बसणं बघवत नसे.

शेवटी त्यांनाच राहवेना. गेल्या दिवाळीत त्यांनी निरोप धाडला आणि सुमन तान्ह्या लेकीला घेऊन आली. घोंगडं अंथरलेलं होतं, पण ती चपला काढूनही काठाशीच उभी राहिली. मग आबांनी नातीला घेतलं आणि बरोबर घोंगड्याच्या मधोमध निजवलं. नातीने हातपाय झाडले आणि निवांत मुतली. आम्ही सगळे आबांच्या खिशाकडे बघू लागलो. त्यांनी पिशवी काढली खरी, पण भंडारा लावला तो पोरीच्या कपाळाला.

सुमन हळूच म्हणाली, "आवं आबा, बाटलं की."

"लोकरीला काय हुतंय, पोरी. बाटलं हुतं ते माझं त्वांड."

तेव्हा कुठे सुमन घोंगड्यावर येऊन बसली.

आता ती येत-जात असते. आबा थकलेत, तो शब्द मात्र काही परत आला नाही. मी कधीकधी मुद्दाम चपलेचा पाय घोंगड्याच्या काठावर ठेवतो. आबा पायाकडे बघतात, हसतात आणि आत चहा सांगतात. एकदा तरी माझ्यावर ओरडावं त्यांनी, असं फार वाटतं.