रागवायला हक्काचं माणूस

काल शांताकाकूंच्या नळाची तक्रार द्यायला त्यांना घेऊन नगरपालिकेत गेले. काकू माझ्या शेजारी, वय ऐंशीच्या पुढे. सवयीने त्या थेट नगराध्यक्षांच्या दालनाकडे वळल्या. दाराला कुलूप होतं. निवडणुका लांबल्यापासून गावाचा कारभार प्रशासक बघतात.

खिडकीवरच्या मुलीने तक्रार लगेच नोंदवून घेतली. “उद्या माणूस येईल, आजी,” ती हसून म्हणाली. तरी काकू त्या दारासमोरून हलेनात.

“काम होईल गं,” त्या मला म्हणाल्या, “पण भांडू कुणाशी?”

मला थेट निवडून आलेल्या आमच्या अध्यक्षबाई आठवल्या. त्यांच्या हातून फारसं काही झालं नाही. नगरसेवक विरुद्ध पक्षाचे, प्रत्येक ठराव अडवायचे. पण सकाळी त्या आमच्या गल्लीतून चालत जायच्या आणि काकू ओट्यावरून ओरडायच्या, “माझं मत घेतलंत ना? मग गटार कधी बांधताय?” बाई थांबायच्या, पदर सावरत सगळं ऐकून घ्यायच्या. कधी चहाही घ्यायच्या. गटार तसंच राहिलं, पण काकूंचा दिवस चांगला जायचा. गाव आपलं आहे, हे तेव्हा कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

परतताना रिक्षात काकूंनी माझा हात धरला.

“मतदान लागलं की मला न्यायला ये. आणि जरा लवकर लावा म्हणावं.”

कुणाला म्हणावं, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.