गर्भाशयाला शांत ठेवायचं

आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं होतं. तिसऱ्या खेपेला मला आनंद झालाच नाही. बाथरूममध्ये जायचीसुद्धा भीती वाटायची.

आमच्या डॉक्टरीणबाई गुजराती. त्यांनी सासूबाईंना आणि मला समोर बसवून समजावलं. सुरुवातीला अंडाशय प्रोजेस्टेरोन नावाचं एक हार्मोन तयार करतं. ते गर्भाशयाचं अस्तर टिकवतं आणि त्याला आकुंचन पावू देत नाही. पुढे वार तयार झाली की ती हे काम हाती घेते. माझं अंडाशय कमी पडत असावं, म्हणून तोपर्यंत तेलातली इंजेक्शनं घ्यायची. सासूबाईंच्या डोक्यात मात्र यातलं डॉक्टरीणबाईंचं एकच गुजराती वाक्य राहिलं, गर्भाशयाला शांत ठेवण्याचं.

"प्रोजेस्टेरोन गर्भाशयने शांत राखे."

औषध एवढं करतंय, तर घरच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं का, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. कुकरची शिट्टी कपाटात गेली आणि डाळ पातेल्यात शिजू लागली. बेलची वायर काढली. नवऱ्याला मकरपुऱ्याच्या कारखान्यात नेणारी कंपनीची बस बडोद्याच्या वासणा भागातल्या आमच्या सोसायटीपुढे हॉर्न द्यायची, म्हणून तो बिचारा आधीच कोपऱ्यावर जाऊन उभा राही. इंजेक्शनं इतकी दुखायची की बसताना तोंडातून 'आई गं' निघे. त्यावरही डोळे वटारले जात. शेवटी वैतागून मी म्हटलं, "आई, गर्भाशयाला कान नसतात."

"तुला आहेत ना?" त्या कुजबुजल्या.

पंचाईत सासऱ्यांची झाली. त्यांना आधीच कमी ऐकू यायचं. तीन महिने होईपर्यंत बातमी बाहेर फोडायची नाही, हा सासूबाईंचा नियम. सासऱ्यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, म्हणजे अख्ख्या सोसायटीला कळणार. लिहून द्यावं तर ते चिठ्ठीदेखील मोठ्यांदा वाचत. म्हणून त्यांना काहीच सांगितलं नाही. ते टीव्हीपुढे बसत, आणि सासूबाई मागून येऊन त्याचा आवाज बंद करून जात.

तेवढ्यात नवरात्र आलं. बडोद्यात नवरात्रात शांतता मागायची म्हणजे कमालच होती. खरं कारण सांगता येईना, म्हणून सासूबाईंनी गरब्याच्या मंडळींना सांगितलं की आमच्या ह्यांना बरं नाही. माणसं भली. त्यांनी भोंगे उतरवले आणि आमच्या सोसायटीत त्या वर्षी गरबा नुसत्या टाळ्यांवर झाला. शेजारच्या बायका मोसंबी घेऊन, दबक्या आवाजात "काकाने केम छे?" विचारून जाऊ लागल्या. काका ठणठणीत होते, समोर बसून मोसंबी सोलत होते.

अष्टमीला ते गॅलरीत गेले. खाली सगळी सोसायटी गोल फिरत होती, आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. बराच वेळ पाहून ते आत आले, खुर्चीत बसले.

"गेलं," ते म्हणाले. "होतं तेवढंही गेलं."

मला रडू आलं. तेही आवाज न करता रडावं लागलं. त्यांना सांगून टाकू या, म्हणून मी सासूबाईंना विनवलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आधीच्या दोन्ही वेळा सगळ्यांना लवकर सांगितलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

दवाखान्याच्याच इमारतीत वर कानाचे डॉक्टर होते. तिसरा महिना सरल्यावर तपासणीला निघालो, तेव्हा एकाच रिक्षात सासऱ्यांनाही घेतलं. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून आम्ही दोघी पडद्यामागे गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं. नुसती खरखर येत होती. मी छताकडे बघत होते. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र थोडं सरकवलं, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, आणि टपटपटपटप असा आवाज दवाखानाभर घुमला.

पडद्याबाहेर बाक करकरलं. सासऱ्यांचे आजोबा महाराजांच्या घोड्यांच्या पागेत कामाला होते. लहानपणी त्यांच्याकडे ऐकलेल्या टापा सासऱ्यांच्या डोक्यातून कधी गेल्या नव्हत्या.

"घोडं कोणाचं धावतंय?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी पडदा सर्रकन बाजूला केला. बाहेर बाकांवर सोसायटीतल्याच दोन बायका बसल्या होत्या. सासूबाईंनी इतक्या दिवसांचा आवाज एकदम काढला.

"तुमचं नातवंड आहे!"

सासऱ्यांनी कानामागचा हात खाली घेतला नाही.

"ओरडतेस कशाला?" ते म्हणाले. "ऐकू दे मला."