बिबड्यांच्या कृतीसोबत गेलेली स्थळं

गेल्या उन्हाळ्यात मी एक्कावन्न वर्षांची होते, धुळ्यातल्या एका शाळेत गणित शिकवत होते आणि स्वतःसाठी स्थळं पाहत होते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. घरात मी आणि सासरे, म्हणजे आबा. त्यांना हे कसं सांगायचं ते काही केल्या सुचत नव्हतं. पण लॅपटॉप उघडला की हात तिकडेच वळायचा. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

पुनर्विवाहाच्या साइटवरची पानं जपून ठेवायला मी ब्राउझरला एक एक्स्टेंशन जोडलं होतं. बटण दाबलं की पान जमा, आणि शेजारी आपलं टिपण लिहायची सोय. ते बसवताना त्यानं बरंच काही विचारलं होतं. तुम्ही उघडाल ती सगळी पानं वाचू का, तुमची यादी लिंकवरून इतरांना दिसू देऊ का. 'प्रश्न नीट वाचा' म्हणून पोरांवर वर्षभर ओरडणारी मी, सगळ्याला हो म्हणत गेले. मला पुढची स्थळं पाहायची घाई होती.

नरडाण्याच्या एकापुढे मी लिहिलं, 'फोटो दहा वर्षांपूर्वीचा.' चाळीसगावच्या एकापुढे, 'हसतो चांगला.' ते पान मी रोज उघडायचे.

मग बिबड्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचे, दिवस आले. आमच्या गल्लीत प्रत्येक घरचे बिबडे सगळ्या बायका मिळून करतात, आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. त्यासाठी मोबाइलवर गट आहे. त्यात अकरा बायका आणि एकटे आबा, कारण वाळत घातलेल्या बिबड्यांवरची पाखरं हाकलायचं काम दरवर्षी त्यांचं. त्या वर्षी ज्वारीसोबत थोडे नाचणीचे करून पाहायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या अक्कांनी गटावर कृती मागितली. ती मी त्याच यादीत ठेवली होती. तिथली लिंक उचलली, गटावर टाकली आणि झोपले.

सकाळी सहाला माझ्याच गच्चीवर आम्ही ओल्या कापडावर घाटा, म्हणजे शिजवलेलं पीठ, थापत होतो. एरवी कुणाचं तोंड मिटत नाही, त्या दिवशी सगळ्या नुसत्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. शेवटी अक्का म्हणाल्या, "तो चाळीसगाववाला बरा शे. बोलीले त्याना संगे."

माझा हात घाट्यातच राहिला. अक्कांनी मोबाइल दाखवला. वर नाचणीचे बिबडे, खाली माझी सगळी स्थळं, टिपणांसकट. लिंक एका पानाची नव्हतीच, अख्ख्या यादीची होती. एकीला तर नरडाण्याचं टिपण पाठ झालं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, त्या एक्स्टेंशनवर आणि त्याहून जास्त माझ्यावर. पण त्या हसत होत्या ते खुशीनं, आणि मला लाज वाटायच्या आधी हसूच आलं. मग एकदम आठवलं, गटात आबा आहेत.

"आबाले मी सांगसू," अक्का म्हणाल्या. मी थांबले नाही, पिठाच्या हातानं जिना उतरले.

आबा अंगणात खुर्चीवर बसले होते. मोबाइल डोळ्यांशी धरून त्यांनी चाळीसगावचं टिपण उघडलं होतं. 'हसतो चांगला'च्या खाली मी त्याला फोनवर विचारायचे तीन प्रश्न लिहून ठेवले होते. त्यांनी बोट पहिल्यावर ठेवलं. 'सासरे माझ्यासोबत राहतील. चालेल का?'

"हाऊ पहिला सवाल मना शे," आबा म्हणाले. "तो काढी टाक. मंग फोन कर."

त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही. मी हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि आधी सगळी यादी खाजगी केली. त्यांचा प्रश्न काढला नाही. त्यांच्यासमोर बसून चाळीसगावला फोन लावला आणि पहिला तोच विचारला.