बिनकवाडाचं कुंपण

म्हाळू मदन्याच्या घरात भिंतीवर तीन चौकटी आहेत. एक खंडोबाची, एक त्याच्या बापाची, आणि तिसरी ग्रामपंचायतीनं दिलेल्या सन्मानपत्राची. पहिल्या दोन जागच्या हलत नाहीत. तिसरी मात्र वर्षातून एकदा, भाऊबीजेच्या सकाळी, खाली उतरते आणि ज्वारीच्या कणगीमागे जाऊन बसते. म्हाळूची धाकटी बहीण नकुशी ओवाळून परत गेली, की त्याची बायको गिताबाई ती फडक्यानं पुसते आणि पुन्हा खिळ्याला अडकवते. "एकदाची चुलीत घाला की," असं ती नवऱ्याला दर दिवाळीला सुनावते. पण शिक्क्याचा कागद चुलीत घालायची म्हाळूची छाती होत नाही. उद्या कुणी विचारलं तर? आणि भिंतीवर तो त्याला बघवतही नाही. असा हा माणूस.

दौंड तालुक्यात, हायवे सोडून भीमेकडं आत गेलं की चिंचखडी लागते. म्हाळू तिथला मूळचा नाही. त्याचा बाप बिरदेव दीडशे मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा आणि उन्हाळ्यात घाट चढून माघारी यायचा. म्हाळू आणि नकुशी त्या वाटेवरच वाढले. कुणाच्याही रानात उतरावं, शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घ्यावीत, वर दाणे द्यावेत, विहिरीवर पाणी पाजू द्यावं. ओळख ना पाळख, पण पाण्याला कुणी नाही म्हणत नसे. लहानपणी ही भावंडं निदान चाळीस गावांचं पाणी प्यायली असतील.

मुक्कामाला पोचल्यावर बापाचं, त्यांच्या आबांचं, पहिलं काम म्हणजे कोकरांसाठी बाभळीचं कुंपण. बुंधे आत, काटे बाहेर, आणि दोन फांद्यांच्या मधे तिसरी उलटी खुपसायची. त्यातून कोल्ह्याला नाकसुद्धा घालता येत नसे. पण आधी कवाडाची जागा धरायची आणि मगच पहिली फांदी रोवायची, ही बिरदेवाची शिस्त. एकदा म्हाळू कवाड विसरला, तेव्हा म्हाताऱ्यानं सगळं कुंपण उपसून त्याला पहिल्यापासून घालायला लावलं होतं.

बाप गेल्यावर म्हाळूनं मेंढरं विकली आणि चिंचखडीत दीड एकर घेतलं. गवार, भेंडी, बांधाच्या कडेनं झेंडू. शेतकरी झाला, पण गावानं त्याला शेतकरी म्हटलं नाही. वीस वर्षं झाली तरी तो "मेंढक्या"च. "मेंढक्याची गवार बरी आलीय म्हणं." पारावर गेला तर लोक सरकून जागा द्यायचे, बोलणं मात्र आपसात चालू ठेवायचे. म्हाळू हसून घ्यायचा. आतून त्याला फार लागायचं.

नकुशीनं मेंढरं सोडली नाहीत. तिचा नवरा भारत पक्का फिरस्ता. त्यांचं घर भीमेपल्याड, शिरूर तालुक्यात, इनामगावच्या बाजूला घोड नदीच्या काठी. कोकणातून परतताना त्यांची वाट चिंचखडीतूनच जायची, कारण भीमेचा पूल गावाच्या पलीकडं. दर साली एक मुक्काम म्हाळूच्या रानात ठरलेला.

मग दोन हजार वीसचा मार्च आला आणि अख्खा देश बंद झाला. कासुर्डीच्या पुढं हायवेवरून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन चालत निघाली, पुण्याकडून पाटसकडं, तिथून आणखी कुठं कुठं. गावांनी आपापल्या वेशी बंद केल्या. चिंचखडीचे सरपंच सोपानराव, तोंडाला उपरणं गुंडाळून, स्वतः म्हाळूच्या बांधावर आले.

"म्हाळूआप्पा," ते म्हणाले, "येस बंद करायची हाय. काट्याचं काम तुमच्यासारखं कुणाला येतंय?"

आप्पा! आणि वर "तुमच्यासारखं"! वीस वर्षांत पहिल्यांदा. एवढ्यावर गडी पाघळला. त्यानं दोन दिवस खपून असं कुंपण घातलं, की बघायला माणसं आली. एक माणूस जाईल एवढीही फट नको, असं सोपानराव म्हणाले होते. म्हाळूनं फट ठेवली नाही. कवाडाचं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

वेशीवर उसाच्या पाचटाची खोप उभी राहिली. म्हाळू आणि सरपंचांचा पुतण्या ज्ञानदेव यांना पहारा मिळाला. घराघरातून चहा यायला लागला. "आप्पा, भजी आनल्यात." "आप्पा, तुमी हाय म्हणून झोप लागती बगा." खरं सांगायचं तर म्हाळूला ते दिवस फार आवडले. देशात माणसं चालून चालून पडत होती आणि म्हाळू इकडं सुखात होता. हे तो कुणाजवळ बोललेला नाही, पण त्याचं त्याला ठाऊक आहे.

एप्रिलातली टळटळीत दुपार होती. लांबून मेंढरांच्या गळ्यातली घंटा ऐकू आली आणि म्हाळूनं ती लगेच ओळखली. ती घंटा त्याच्या बापाची. लग्नात नकुशीला आंदण दिलेली. थोड्या वेळानं धूळ दिसली, मग पुढं चालणारी नकुशी दिसली, आणि मागं घोडी. घोडीवर भारत पालथा पडला होता. पडू नये म्हणून त्याला दोरीनं बांधलं होतं. चौदा वर्षांची त्यांची पोरगी प्रतिभा बापाचा पाय धरून बाजूनं चालत होती.

म्हाळू उठला. वाटेकडं न जाता तो खोपीत शिरला.

बाहेर ज्ञानदेवानं काठी आडवी धरली. "माघारी फिरा. गाव बंद हाय."

"पुलापातूर जायाचंय, बाबा," नकुशीचा आवाज आला. "मालकाला ताप हाय. समद्या गावांनी हाकललंय. माजा भाऊ हाय हितं, म्हाळू मदने. त्येला बोलवा, त्यो वळखतोय."

ज्ञानदेवानं वळून खोपीकडं पाहिलं. पोरगा तसा वाईट नव्हता. म्हाळूनं खुणावलं असतं तर त्यानं फांद्या ओढायला स्वतः हात लावला असता. पाचटाच्या अंधारात दोघांची नजर भेटली आणि म्हाळूनं मान हलवली. नाही म्हणून.

"म्हाळूआप्पा न्हाईत गावात," ज्ञानदेव म्हणाला. "दौंडला अडाकल्यात."

भीती होती का? होती. तेव्हा कुणाला नव्हती? पण म्हाळूनं मान हलवली ती तापाच्या भीतीनं नव्हे. कुंपण आप्पांनी घातलं आणि आप्पांच्याच माणसांसाठी उघडलं, असं गाव म्हणालं असतं. शेवटी मेंढक्या तो मेंढक्याच, असं म्हणालं असतं. बस, एवढंच. एवढ्यासाठी त्यानं सख्ख्या बहिणीला उन्हात उभं ठेवलं. सहा वर्षं तो दुसरं काही कारण सापडतं का बघतो आहे, आणि सापडत नाही.

नकुशीनं पाणी मागितलं. ज्ञानदेवानं आपली बाटली कुंपणावरून फेकली. म्हाळूनं तेवढंही केलं नाही. ती बराच वेळ कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. ती काय करते आहे ते म्हाळूला खोपीतून कळेना. मग घंटा वाजत वाजत लांब गेली.

पुढच्या पुलासाठी त्यांना मोठा वळसा पडला. वाटेतली आणखी दोन गावं बंद होती. तिसऱ्या दिवशी कॅनॉलच्या भरावावर भारत गेला. त्याला काय झालं होतं, कुणी तपासलं नाही. भीमा ओलांडून वेळेत दवाखाना गाठला असता तर वाचला असता का, हेही कुणी सांगू शकणार नाही. नकुशीनं मेंढरं विकली आणि ती दुसऱ्यांच्या रानात फुलं तोडायला जायला लागली. चार पिढ्यांचं फिरणं त्या वर्षी थांबलं. इकडं पंधरा ऑगस्टला शाळेपुढं म्हाळूच्या हातात चौकट आली. टाळ्या वाजल्या.

त्या दिवाळीला नकुशी येणार नाही असं म्हाळूला वाटलं होतं. ती यावी असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही. ती आली. पांढऱ्या कपाळानं तिनं भावाला ओवाळलं. शेजारच्या अनसाबाई हळहळायला आल्या, तर त्यांना नकुशी म्हणाली, "दादा त्या दिशी दौंडला अडाकला व्हता. त्यो असता तर हातानं काटं उपसून वाट केली असती त्यानं." म्हाळूच्या तोंडात लाडू होता. तो त्याला गिळवेना आणि थुंकताही येईना.

हेच वाक्य ती दर भाऊबीजेला कुणा ना कुणाला सांगत आली. सासरीही तसंच सांगायची. आणि म्हाळू दर वेळी मान खाली घालून ऐकायचा. एकदा तरी बोलायचं, असं ठरवून बसायचा आणि नुसता ताट उचलून उठायचा. खोटं ज्ञानदेव एकदाच बोलला होता. पुढं ते जगवलं म्हाळूनं, काही न बोलता.

यंदा चैत्रात मात्र नकुशी न सांगता आली. हातात कुंकवाची वाटी, पिशवीत पत्रिका. प्रतिभाचं लग्न ठरलं होतं. पहिलं आमंत्रण मामाचं, म्हणून पहाटेच्या एसटीनं निघाली होती. गिताबाई पाणी घेऊन आली तेव्हा नकुशी भिंतीकडं बघत होती. चौकट खिळ्यावरच होती.

"ह्ये नवं दिसतंय," नकुशी म्हणाली. तिला वाचता येत नाही. "काय लिवलंय रं, दादा? वाचून दाकीव."

गिताबाई गुपचूप आत निघून गेली. म्हाळूला काहीही सांगता आलं असतं. भाजीचं बक्षीस आहे म्हणाला असता तरी खपलं असतं. पण पोरीच्या लग्नात मुंडावळ्यांमागं मामा म्हणून उभं राहायचं होतं, साऱ्या भावकीसमोर, जिथं भारत नव्हता. हे पोटात ठेवून तिथं उभं राहणं त्याला जमणार नव्हतं. तो उठला आणि शाळकरी पोरासारखा चौकटीसमोर उभा राहून वाचायला लागला.

"श्री. म्हाळू बिरदेव मदने यांनी, कोरोना महामारीच्या काळात, गावच्या वेशीवर अहोरात्र पहारा देऊन, एकाही बाहेरच्या व्यक्तीस..."

तिथंच तो थांबला. तो तसाच, भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "नकुशे, मी दौंडला नव्हतो. खोपीत व्हतो. मीच मान हलवली."

"ठावं हाय," नकुशी म्हणाली.

म्हाळू वळला. ती पत्रिकेवर कुंकवाची बोटं उमटवत होती.

"त्यो पोरगा खोपीकडं बगून मगच बोलला. आन् बुंधं आत, काटं भाईर, तिसरी फांदी उलटी. ह्या मुलखात तसं कुंपण तुझ्याबिगर कोण घालतंय? आबांचंच कुंपण व्हतं त्ये." तिनं बोट पदराला पुसलं. "मी कवाड हुडकत व्हते, दादा. म्हटलं, आबांचं कुंपण हाय म्हंजी कवाड असनारच. ह्या टोकाचं त्या टोकाला लई हुडकलं."

म्हाळू खाली बसला.

"मग लोकांस्नी तसं का सांगत आलीस?"

"तुझ्यासाटी न्हाई. माज्यासाटी. मालक गेलं व्हतं. म्हायेर बी गेलं म्हणून सांगत फिरू व्हय?"

"मी मामा म्हणून हुबा न्हाई ऱ्हात. तुला पानी दिलेल्या त्या ज्ञानदेवाला कर हुबा, न्हाईतर कुनाला बी. त्वांड न्हाई मला."

तेव्हा मात्र नकुशी चिडली. "सांगून मोकळा झालास, व्हय रं? सहा वर्सं मी गप ऱ्हायले. आता तू ऱ्हा. प्रतिभाला ह्यातलं काय ठावं न्हाई. तिला एक मामा हाय, तेवढा राहू दे. हुबा ऱ्हायाचं आन् त्वांड उगडायचं न्हाई." तिनं पत्रिका त्याच्या हातात दिली आणि आत वहिनीला चहा टाकायला सांगितलं.

ती गेल्यावर म्हाळूनं चौकट उतरवली. गिताबाईला वाटलं, आता तरी चुलीत जाईल. म्हाळूनं ती पुसली आणि परत त्याच खिळ्याला लावली. यापुढं ती भाऊबीजेलाही उतरणार नव्हती.

लग्न इनामगावच्या बाजूला, नदीकाठच्या मोकळ्या रानात झालं. म्हाळू फेटा बांधून प्रतिभाच्या मागं उभा राहिला. अक्षता पडल्या, फोटो निघाले, माणसं येऊन "मामा, दमलात का" विचारून गेली. तो सगळ्यांपुढं हसून मान डोलावत होता आणि मनात म्हणत होता, कधी संपतंय.

पाठवणीच्या वेळी प्रतिभा आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मग मामाच्या पायाशी वाकली. उठताना तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"मामा, आई नेहमी म्हणती," ती हुंदके देत म्हणाली, "त्या दिशी तुमी गावात असता, तर बाबा आज मांडवात असतं."

नकुशी दोन पावलांवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. भावाकडं ती सरळ बघत होती.

म्हाळूनं भाचीच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हय, बाळा," तो म्हणाला.