भिंतीपलीकडचा कीबोर्ड

तळवड्यात मी ज्या खोलीत राहायचे ती एका जुन्या गावकरी घराला मागून चिकटवलेली होती. शेत रस्त्यात आणि कारखान्यांत गेल्यावर मालकांनी घरामागे ओळीने खोल्या काढल्या आणि भाड्याने दिल्या. माझी सगळ्यांत आतली. तिची एक भिंत मालकांच्या घराशी सामाईक होती. बाकीचे भाडेकरू सगळे कामावर जाणारे, त्यामुळे दिवसा खोल्यांपुढच्या बोळात नळाच्या ठिबकण्याशिवाय आवाज नसायचा.

मी लातूरकडची. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. गाडीतला लोखंडी ब्रॅकेट हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, ओके किंवा रिजेक्ट. दिवसभर तेच. बसमध्ये शेजारी बसणारी एक मुलगी कंपनी सोडून आयटी पार्कात लागली. तिला विचारलं तर म्हणाली, "डेटाबेस आणि वेब प्रोग्रॅमिंग शीक, तेवढं पुरे." तेवढं म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

गुरुवारी सुट्टी असायची. एका गुरुवारी पिंपरीच्या बाजारात जाऊन जुन्या-नव्या पुस्तकांच्या दुकानातून मी पुस्तकं आणली. मेथी घेताना मी देठ मोडून बघते, पण पुस्तकं घेताना फक्त जाडी बघितली. एक लाल, विटेएवढं जाड. एक पिवळं, मुखपृष्ठावर काही दिवसांत सगळं शिकवण्याचं वचन देणारं. एक निळं अगदी पातळ होतं, ते दुकानदाराने सुट्टे नव्हते म्हणून गळ्यात मारलं.

लाल पुस्तकातलं काही चालेना. त्यात दिलेल्या आज्ञा मी अक्षर न् अक्षर टाइप करायचे आणि माझा जुना लॅपटॉप लाल अक्षरांत काहीतरी उलट बोलायचा. शेवटी पिवळ्यातलं बघून एवढं जमलं की, लॅपटॉपवर डेटाबेसचं एक टेबल, म्हणजे रकान्यांचा तक्ता, तयार केलं आणि ते दाखवणारं एक साधं वेबपान. सरावासाठी माहिती कुठून आणायची, म्हणून घेतलेली पुस्तकंच इंग्रजीत भरली: पुस्तकाचा रंग, पानं, माझं मत. खाली नवीन ओळ भरायची चौकट. पान माझ्या लॅपटॉपवर, लॅपटॉप माझ्या मांडीवर. दुसरं कुणी ते बघू शकेल असं मनातही आलं नाही.

एक दिवस पहिली शिफ्ट करून चारच्या सुमाराला खोलीवर आले, पान उघडलं, तर यादीत एक ओळ जास्त होती. तिच्यात अक्षरंच नव्हती. नुसती प्रश्नचिन्हं, मध्ये मध्ये जागा सोडून, जशी शब्दांमध्ये असते तशी.

मला वाटलं, माझ्याच हातून काही दाबलं गेलं असेल. पुसून टाकली.

चार-पाच दिवसांनी आणखी एक ओळ आली. या वेळी इंग्रजी अक्षरांत मराठी होती. तिचा अर्थ असा: टेबलाला मराठी लिहिता येत नाही. आधी त्याला ते शिकव.

मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर येऊन बोळात उभी राहिले. ऊन तिरपं होऊन कपड्यांच्या दोरीवर आलं होतं. मालकांची सून वाळलेले कपडे गोळा करत होती. सडपातळ, तिशीची, कधी कुणाशी बोलताना न दिसणारी. माझ्याकडे बघून तिने नेहमीसारखी मान हलवली आणि आत गेली. मग मागून मला पुन्हा तो आवाज ऐकू आला, जो गेले काही दिवस येत होता आणि ज्याच्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. भिंतीपलीकडून टकटक. थोडा वेळ, मग थांबणं, मग पुन्हा.

टेबलाला मराठी कसं शिकवायचं ते लाल पुस्तकात नव्हतं, पिवळ्यात नव्हतं. पातळ निळ्यात होतं. अर्धं पान, पण नेमकं. टेबल बनवतानाच त्याला सांगावं लागतं की कुठल्या लिपीतली अक्षरं ठेवायची आहेत, नाहीतर ते ओळखू न आलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं, आणि एकदा ठेवलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. ते वाचून मला पुसलेली ओळ आठवली.

टेबल सुधारल्यावर ओळी मराठीतून येऊ लागल्या.

"लाल पुस्तक बाजूला ठेव. छापल्याचं साल बघ. त्यातलं निम्मं आता कुणी वापरत नाही."

"वेब नंतर. आधी डेटाबेस. माहिती नीट मांडता आली नाही तर पान कितीही सुंदर असून उपयोग नाही."

"पिवळं वाचून झालं की स्वतःला विचार, पुस्तक बंद करून काय लिहिता येतं."

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण ओळींतलं सगळं खरं निघत होतं. मी पहिल्यांदा शिकत होते. एका संध्याकाळी धीर करून चौकटीत लिहिलं, "तुम्ही कोण?" दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं. "निळ्याचं पाचवं प्रकरण वाच."

कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या मावशी होत्या. त्यांच्याकडे युनिफॉर्म टाकताना मी सहज म्हटलं, "मालकांच्या घरात कंप्युटरचं काम कोण करतं हो? दुपारी आवाज येतो."

त्यांनी इस्त्री उभी केली. "तुम्ही आतल्या खोलीत राहता का? त्या भिंतीपलीकडं त्यांच्या पोराची खोली. कंप्युटरमधलाच होता तो. हायवेला अपघात झाला, गेला. दोन वर्षं व्हायला आली." मग कोळसा सारखा करत म्हणाल्या, "आता कोण करणार काम?"

त्यानंतर मी पान उघडायचं बंद केलं. पण खोलीत बसलं की टकटक ऐकू यायचीच. वेळही ठरलेली, चार ते साडेपाचच्या मधली. त्या घराची आणखी एक गोष्ट मला तेव्हा लक्षात आली. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची. मालकीणबाई, त्यांना सगळे काकू म्हणत, ओट्यावर येऊन पदराने वारा घेत बसायच्या. पंखे बंद, टीव्ही बंद. आणि जिन्याखाली इन्व्हर्टर मात्र घुमत असायचा.

अशाच एका गुरुवारी मला राहवेना. लाइट गेलेली होती. मी बॅटरीवर लॅपटॉप लावला, पान उघडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर, पान ताजं केल्याबरोबर, शेवटची ओळ आली. "बरेच दिवस आली नाहीस."

मी तशीच चप्पल न घालता ओट्यावर गेले.

"काकू, इन्व्हर्टर कशावर चालतोय?"

काकूंचा पदर थांबला. मग म्हणाल्या, "त्याच्या कंप्युटरवर. तो गेला तवा चालूच हुता. मी बंद करू दिला न्हाई कुनाला. बंद केला तर परत उघडायचा कसा? पासवर्ड कुनाला ठावं न्हाई."

"पण तिथे कुणीतरी टाइप करतं. मला भिंतीतून ऐकू येतं."

मला वाटलं होतं त्या रागावतील किंवा रडतील. त्या उठल्या, माझा हात धरला आणि घरात घेऊन गेल्या. आत अंधार होता, बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे जास्तच वाटला. एका बंद दारापाशी पाट ठेवलेला होता. काकू त्यावर बसल्या आणि मला खाली बसायची खूण केली. दाराआडून टकटक येत होती. काकूंनी डोळे मिटले.

"मला ठावं हाय, सून बसती," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तिला वाटतं मी झोपलीय. पन आवाज अगदी तसाच येतो गं. म्हनून मी बोलत न्हाई."

टकटक थांबली. खुर्ची सरकली. दार उघडलं आणि सून आम्हा दोघींना खाली बसलेलं बघून उंबऱ्यातच थांबली. तिच्यामागे पडदे ओढलेल्या खोलीत मॉनिटरचा निळसर उजेड होता आणि त्या उजेडात माझं पान, माझी पुस्तकांची यादी. तिथून मी ती पहिल्यांदाच बघत होते.

मग तीच म्हणाली, "आई, चहा टाकते," आणि आमच्या मधून वाट काढत स्वयंपाकघरात गेली.

चहा पिताना तिने सांगितलं. ती आणि तिचा नवरा एकाच कॉलेजला होते, दोघंही कंप्युटरचे. लग्नानंतर तिने नोकरी सोडली होती. पासवर्ड तिला पहिल्यापासून माहीत होता. "आईंना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, उघड, दाखव काय आहे. मला कुणाला दाखवायचं नव्हतं," असं ती काकूंसमोरच म्हणाली, आणि काकूंनी नुसती बशी फिरवली. एक दिवस घराच्या वाय-फायवर, जे आम्ही भाडेकरूही वापरायचो, तिला एक अनोळखी मशीन दिसलं. उघडून बघितलं तर माझं पान. माझ्या अज्ञानामुळे ते घरातल्या सगळ्या नेटवर्कला उघडं होतं, आणि लॅपटॉप मी चालूच ठेवून कामावर जायचे.

"आणि ती पहिली ओळ?" मी विचारलं. "प्रश्नचिन्हांची. तिच्यात काय लिहिलं होतं?"

ती आठवत राहिली. "मी पहिल्यांदा लिहिलं ते इंग्रजी अक्षरांतच. तुझ्या टेबलात मराठी बसत नाही हे मला तुझ्या यादीतल्या ओळीवरूनच कळलं. ती तूच लिहिली असशील ना?"

मी नव्हती लिहिली. पण काकू ऐकत होत्या, म्हणून मी हो म्हटलं.

पुढच्या गुरुवारी मी आणि सून पिंपरीला गेलो. ती दोन वर्षांनी गावाबाहेर पडत होती, बसमध्ये खिडकीला धरून बसली. दुकानात मात्र तिचा चेहरा बदलला. पुस्तक उघडायची ते मधूनच. पहिली प्रकरणं सगळ्यांचीच चांगली असतात, असं तिचं म्हणणं. मधलं एक उदाहरण वाचायची आणि बघायची की चूक झाली तर काय करायचं ते लेखकाने सांगितलंय का. "सगळं बरोबरच चालतं असं दाखवणारं पुस्तक घेऊ नकोस," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही दोनच पुस्तकं घेतली, एक डेटाबेसचं, एक वेबचं. पिशवी हलकी होती.

पावणेदोन वर्षं गेली असतील. मला तळवड्याच्याच आयटी पार्कात एका लहानशा कंपनीत काम मिळालं. सुनेला माझ्याआधी मिळालं, हिंजवडीकडे, आणि ती मारुंजीत एका मैत्रिणीसोबत राहू लागली. शनिवार-रविवारी घरी येते. काकूंनी तिला अडवलं नाही. तिची पेटी स्वतः भरून दिली.

मी अजून त्याच खोलीत आहे. सून गेल्यावर पहिल्याच आठवड्यात काकू माझ्या दारात आल्या. त्या कधी भाडेकरूच्या दारात येत नाहीत.

"तुला सुट्टी कधी असती?"

"आता शनिवार-रविवार. पण बुधवारी घरूनच काम करते."

"मग बुधवारी तिकडं बसत जा. त्या खोलीत. चारच्या टायमाला." त्यांनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. "घर लई शांत झालंय."

सुनेला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "बस तू." पासवर्ड तिने फोनवरच सांगितला.

तेव्हापासून दर बुधवारी मी त्या खुर्चीत बसते. खुर्ची माझ्यापेक्षा उंच माणसाच्या मापाची आहे. पहिल्या बुधवारी मी माझ्या नेहमीच्या वेगाने काम करत होते, तेव्हा बाहेर पाट सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दाराजवळून काकूंचा आवाज, कुणाला चुकून उठवू नये तसा.

"एवढी घाई नसायची."

मी हात सावकाश केला. एक ओळ, मग थांबणं, मग पुन्हा. किती सावकाश ते मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी बोटं कुठल्याशा वेगावर येऊन स्थिरावली आणि मला तो बदलावासा वाटेना. बाहेर काकूंचा श्वास एकसारखा झाला होता.

"चहा ठेवू का रे?" त्यांनी विचारलं.

मी टाइप करत राहिले.