पडद्याबाहेर काढलेला हात

स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आणि ज्या दिवसांत डॉक्टरने मला पडून राहायला सांगितलं होतं, त्याच दिवसांत मी सोनाळ्याच्या आमच्या घरात मागच्या दारापासून पुढच्या पडद्यापर्यंत नुसत्या येरझारा घालत होते. पडद्यापर्यंतच, कारण त्यापलीकडे ओसरी, आणि ओसरी पुरुषांची. आमच्यासारख्या वतनदार घरांत सुनेने पडद्याबाहेर नखही दाखवायचं नाही अशी रीत होती. ओसरीवर बसून पुरुष वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. नागपूरचं सरकार वऱ्हाडात कुठे कुठे दवाखाने काढणार, हेही त्यात असे. आत भाकऱ्या थापत आम्ही ते ऐकत असू, पण दवाखाने जणू ओसरीवर बसणाऱ्यांसाठीच निघणार होते.

घरात बायका आम्ही तिघी. सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. जाऊबाईंची कूस बरीच वर्षं उजवली नव्हती आणि आता उजवली, म्हणून घर आनंदात होतं. पण त्यांच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. ओकाऱ्यांनी त्या अंथरुणाला खिळल्या. सासूबाई घाबरल्या आणि थोरल्या भाऊजींनी डॉक्टर आणायला नांदुऱ्याला गाडी धाडली.

माझं असं की एक मुलगा अंगणात खेळत होता आणि त्याच्या पाठचं पोटातच गेलं होतं. त्याला बरेच महिने झाले होते, तरी माझ्या अंगावरून जायचं थांबलं नव्हतं. जात्यावर बसलं की कानात घूं घूं व्हायचं आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग जरा भिंत धरून उभी राहायची आणि पुन्हा कामाला लागायची. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण धाकटी दांडगी आहे, असं घरात एकदा ठरून गेलं होतं, आणि ठरलेल्या गोष्टी आमच्याकडे पुन्हा कुणी उघडून पाहत नसे.

डॉक्टर आला. पडद्याला लागून त्याला खुर्ची दिली. सासूबाईंनी आतून सगळी हकीकत सांगितली, जाऊबाईंचं खाणं, ओकणं, झोपणं, अगदी स्वप्नंसुद्धा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, नाडी पाहायला हवी, हात बाहेर काढा. तो पुणेरी धाटणीचं बोलायचा, त्यामुळे सगळं हुकमासारखं वाटायचं.

पहिलटकरणीला परक्या पुरुषाचा हात लागायचा म्हणजे सासूबाईंच्या लेखी गर्भाला दृष्ट लागल्यातच जमा. त्या तडक चुलीपाशी आल्या आणि पिठात असलेला माझा हात मनगटाला धरून ओढला.

"दोघी एकाच चुलीवरचं खाता," त्या कानाशी पुटपुटल्या. "नाडी काय वेगयी राह्यते?"

पीठ झटकून मी हात पडद्याबाहेर काढला. डॉक्टरने तो बराच वेळ धरून ठेवला. इतका वेळ माझा हात कुणीच धरला नव्हता, लग्नात आमच्या ह्यांनीसुद्धा नाही. त्याने नखं दाबून पाहिली, तळवा उलटा करून पाहिला. मग विचारलं, अंगावरून जातं का? सासूबाई म्हणाल्या, नाही. त्यांच्या परीने ते खरंच होतं. पडद्याआड मी मान हलवत होते, हो हो म्हणून, आणि ती मान कुणालाच दिसत नव्हती.

मग डॉक्टर भाऊजींना म्हणाला, "ह्यांच्या अंगात रक्त उरलेलं नाही. हे असंच राहिलं तर बाळंतपणात ह्या हाती लागायच्या नाहीत."

जातं बंद, चूल बंद, पडून राहायचं. दूध, बकऱ्याच्या काळजाचं कालवण आणि एक काळपट औषध. ती वाचेल ना, असं भाऊजी पुन्हा पुन्हा विचारत होते ते मला आत ऐकू आलं. त्यांना वाटलं, बायको जाते. मला कळलं, मी जाते. मी तिथंच खाली बसले. सासूबाईंना वाटलं, मी जाऊबाईंसाठी कळवळले.

त्या दिवसापासून जाऊबाईंची बडदास्त सुरू झाली. काळजाचं कालवण मी रांधायची आणि त्या वासानंच त्या बिचाऱ्या ओकायच्या. माझ्या दुखण्याचं पथ्य मीच शिजवत होते आणि ते दुसरीच्या घशाखाली उतरत नव्हतं. मी ह्यांना सांगितलं, तो हात माझा होता. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, थोडा विचार केला, आणि म्हणाले, आईने काही बघूनच केलं असेल. मग घडी उलगडून पुढे वाचू लागले. माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी ते वर्तमानपत्र मला चुलीत घालावंसं वाटलं.

मग मी सासूबाईंसमोरच जाऊन उभी राहिले.

"हात तुहा व्हता," त्या म्हणाल्या, "पन दुखनं तिचं हाय. डॉक्टर तिच्यासाठी आला व्हता."

दुखणंही घरात वडीलकीप्रमाणे वाटून यायचं. औषधाची बाटली फळीवर माझ्या हाताशी होती. मी ती कितीदा उचलली, वास घेतला आणि परत ठेवली. चोरून प्यायला मी काय मांजर आहे, असा माझा ताठा. तो ताठा मला मारणार होता, हेही कळत होतं. जात्यावर बसताना आता मी मुलाला समोर बसवायची. पडले तर निदान त्याच्या डोळ्यांसमोर पडेन, असं काहीतरी वेडंवाकडं मनात यायचं.

महिन्याने डॉक्टर पुन्हा आला. जाऊबाईंच्या ओकाऱ्या एव्हाना आपसूक थांबल्या होत्या, गालांवर तकाकी आली होती, फक्त औषधाने दात काळे पडले होते. पडद्याआड आम्ही दोघी शेजारी बसलो. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी हात बाहेर काढला.

डॉक्टर चिडला. औषध पोटात जातंय की मोरीत, असं त्याने विचारलं. हे माझ्या हाताबाहेर गेलंय, बायकांच्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर मला परत बोलावू नका, असंही म्हणाला. भाऊजी त्याच्या विनवण्या करू लागले.

नवऱ्याचा तो आवाज जाऊबाईंना सोसवला नाही, की माझ्याकडे पाहून त्यांना काही वाटलं, मला अजून ठाऊक नाही. त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात पडद्याखालून माझ्या हाताशेजारी बाहेर काढला. पुरुषांच्या बैठकीत ज्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता, त्या खणखणीत बोलल्या.

"हा माहा हात. मी बरी हाय. तो तिचा हाय. तिले पाहा."

डॉक्टरने दोन्ही हात आलटून पालटून धरले. मग अंगावरून जाण्याचा तोच प्रश्न त्याने पुन्हा विचारला, या वेळी माझा हात धरून. आणि मी माझ्या तोंडाने उत्तर दिलं.

"हाव, जाते. लेकरू गेलं तवापासून."

औषध बदललं. मोठ्या दवाखान्यात नेण्यापूर्वी महिनाभर हे घेऊन पाहा, पण ही बाई उठता कामा नये, असं त्याने भाऊजींना बजावलं. माझी बाज स्वयंपाकघराच्या दारात टाकली. जाऊबाईंना ओणवं होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून चुलीपाशी सासूबाई बसल्या. पडून राहणं मला येरझारांपेक्षा जड गेलं. मी या कुशीवरून त्या कुशीवर होत होते आणि त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्या आता मला फाडून खाणार, याची वाट पाहत होते. मलाही भांडायचंच होतं.

त्या भाकरी थापत राहिल्या. तोंड तव्याकडेच ठेवून म्हणाल्या, "माह्ये तीन गेले पोटातल्या पोटात. उठली का जात्यावर बसली मी."

माझा राग तेवढ्याने निवणार नव्हता. मी फाडकन म्हणाले, मग तुम्हीही तेव्हा हात बाहेर काढायचा होता.

त्यांनी भाकरी उलटली.

"कोनापुढं काढू वं?"